जिरेनियमचा उपास

आधी त्याला उपाशी ठेवायचं.
नकाशांच्या कपाटात, दोन दिवस, दोन रात्री.
साठवणीतलं ते पहिल्या रात्रीच खाऊन टाकतं,
तरी दुसरी रात्र मी ठेवतेच.
तेहतीस वर्षं हा धडा शिकवून एवढं कळलंय :
झाडावर विश्वास ठेवावा,
शाळेच्या कपाटाच्या फटींवर नाही.

पोरं विचारतात, लामाराबाई,
ते रडत नाही का?

इथे स्वानेतीत बर्फ
एप्रिल सरेपर्यंत भिंतीला टेकून बसतो.
दगडी बुरुजांना वळसा घालून
ऊन वर्गात येतं अकराला
आणि चारला निघून जातं, सरकारी माणसासारखं.
तेवढ्यात जिरेनियमला स्वयंपाक उरकायचा असतो.
मुळांनी चढवलेलं पाणी,
पानाच्या पाठीवरच्या बारीक तोंडांनी ओढलेली हवा
(त्यात तुमचा श्वासही आला, मी सांगते,
मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या गेलाचासुद्धा),
चूल नाही, सरपण नाही,
भांड्यांचा आवाज नाही.

दरवर्षी पानावर काळ्या कागदाची चांदणी लावते.
यंदा ऊशांगीनं खिशातून निगेटिव्ह काढली.
दोन चौकटींची पट्टी, कडा कुरतडलेल्या.
एकीत दारेजान हसतेय.
दुसरीत मान वळवताना हललीय.
लग्नाआधीची, डोक्याला काळा रुमाल.

चार वर्षं झाली, ती इटलीत, बारी शहरात
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला
चमच्यानं सूप भरवते.
पाच तारखेला इथल्या बँकेत पैसे उतरतात
आणि ऊशांगीच्या घरी चीज घातलेले बटाटे शिजतात.
पोटासाठी गेली, म्हणतो आपण.

दोन पानांवर दोन चौकटी चिकटवल्या.
दिवसभर ऊन दारेजानमधून आरपार गेलं.

चारला मी कात्री घेतली.
बघायचं तर पान खुडावं लागतं, मी म्हटलं,
उकळावं लागतं, दारूत हिरवं उतरवावं लागतं.
(दारू आमच्याच घरची, दोनदा गाळलेली.
पोरं वासानंच हसायला लागली.)
ऊशांगीनं हललेली दिली.
हसरी झाडावरच राहू दे, म्हणाला, उद्या बघू.

मला सांगायला हवं होतं.

बशीत पांढरं, ताठ पान.
वर आयोडीनचे थेंब.
आणि वर्ग गप्प झाला, कारण केस आले आधी,
मग भुवया, मग रुमाल, निळाकाळा,
जिथे ऊन पोचलं तिथे पीठ, पीठ तिथे काळं.
कपाळ आणि गाल तेवढे फिकट राहिले.
चेहरा म्हणजे पानावरची उपाशी जागा.
हे मी फळ्यावर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, ऊन वर्गात यायच्या आत,
त्यानं स्वतः खुडलं हसरं पान.
उकळलं. दारूत बुडवलं.
आयोडीन तपकिरीचं तपकिरी.
आणखी थेंब टाक, म्हणाला. टाकले.
बशी रंगली नुसती.

झाडानं खाल्लं तिला?

रात्री पीठ विरघळतं, मी म्हटलं,
त्याची साखर होते, देठातून खाली जाते,
मुळांना, नव्या कोंबाला.
पान स्वतःजवळ फारसं काही ठेवत नाही.
बोलता बोलता मलाच ते पाठ्यपुस्तकासारखं वाटलं
आणि थोडं नाहीही.

त्यानं बशी धुतली. पट्टी खिशात ठेवली.

त्यानंतर मधल्या सुट्टीत तो खिडकीशी दिसतो.
बटाट्याचा शेवटचा घास गिळून
कुंडीवर वाकतो,
शेंड्याला नखाएवढं पान आलंय, त्याच्यासमोर,
तोंड उघडतो
आणि हाऽऽ करून श्वास सोडतो,
थंडीत काच धूसर करतात तसा.
पुन्हा. पुन्हा.
घंटा झाली तरी.

मी हजेरीत त्याला उशीर मांडत नाही.